शियाँचा किल्ला : एका दिवसाच्या सहलीत आत जावे, की बोटीतूनच पाहावा?

सरोवरकाठ

नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये माझे आईबाबा साताऱ्याहून आमच्याकडे स्वित्झर्लंडमध्ये लोझानला येत आहेत आणि त्यांच्या मुक्कामातला एक संपूर्ण दिवस जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाजवळच्या शियाँच्या किल्ल्यासाठी राखून ठेवावा, असे मनात आहे. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांना दगडी बांधकामात रस आहे. आईला गुडघ्यांचा त्रास आहे, पण पाण्याकाठी बसायला मिळाले की तिची कशाबद्दलच तक्रार नसते.

प्रश्न असा की किल्ल्याच्या आत दोन-अडीच तास घालवावेत का. मला स्वतःला युरोपातले नीटनेटके करून ठेवलेले किल्ले आतून एकसारखे वाटतात. एक चिलखत, एक भलीमोठी चूल, छत्री असलेला एक पलंग आणि शेवटी दुकान, हा क्रम सहसा चुकत नाही. त्याउलट बोटीतून दिसणारे शियाँचे रूप, म्हणजे पाण्यातून थेट वर आलेल्या भिंती, त्यांवरची तांबूस कौले आणि मागे दाँ द्यु मिदीची शिखरे, हेच त्याचे खरे वैभव आहे, असे माझे मत आहे. ज्यांनी तो आतून पाहिला आहे त्यांनी हे मत खोडून काढावे किंवा त्याला दुजोरा द्यावा. त्याच दिवशी आणखी काय जोडता येईल, हेही सुचवावे.

उंबरठा

आत जावे. बाहेरचे रूप कॅलेंडरवर आणि चॉकलेटच्या डब्यावरही पाहायला मिळते. तेवढ्यासाठी आईबाबांना साताऱ्याहून आणण्याचे कारण नाही.

गडभटक्या

आपले मत किल्ल्याची एकच बाजू पाहून बनलेले आहे, असे मला वाटते. बोटीतून दिसते ती राजवाड्याची बाजू. तिकडे सरोवराचे पाणी असल्यामुळे हल्ल्याची भीती कमी होती, म्हणून त्या अंगाला गॉथिक पद्धतीच्या देखण्या खिडक्या आणि उमरावांची दालने आहेत. जमिनीकडून तोच किल्ला पाहिला तर दुसराच कोणीतरी समोर उभा आहे असे वाटते : पुढे आलेले अर्धगोल बुरूज, बाण सोडण्यासाठी ठेवलेल्या अरुंद जंग्या आणि किनारा व खडक यांच्यामधला नैसर्गिक खंदक. हे दोन चेहरे एकाच इमारतीचे कसे, हे आत गेल्याशिवाय कळत नाही, कारण ते जिथे एकमेकांना भेटतात ती जागा म्हणजे आतले चौक.

दुसरे असे की दरवाज्यातून आत शिरण्याआधी थोडा वेळ किल्ल्याकडे पाठ करून डोंगराकडे पाहावे. तिथे डोंगर इतका सरोवराच्या अंगावर आलेला आहे की मध्ये जेमतेम रस्त्यापुरती पट्टी उरते. उत्तरेकडून इटलीत जाणारी एक मोठी वाट याच पट्टीवरून ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शिरत असे आणि पुढे २,४६९ मीटर उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून आल्प्स ओलांडत असे. व्यापारी, सैन्य आणि रोमला निघालेले यात्रेकरू, सगळ्यांना हीच वाट होती. किल्ल्याचा लेखी उल्लेख साधारण ११५० पासून मिळतो आणि तेव्हा तो सॅव्हॉय या आल्प्स भागातल्या सत्ताधारी घराण्याच्या ताब्यात होता. वाट अडवता येईल अशी जागा हातात असली की जकात वसूल करायला वेगळे कष्ट पडत नाहीत. नाणेघाटावर नजर ठेवणारा जीवधन ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

तेव्हा बाबांना आधी जमिनीची बाजू दाखवा, मग आत न्या आणि परतताना बोटीत बसवा. हा क्रम उलटा केला तर किल्ला नुसता सुंदर वाटतो, आणि शियाँच्या बाबतीत ती फसगत आहे.

तळटीप

गडभटक्यांशी बव्हंशी सहमत आहे, पण सरोवरकाठ यांच्या शंकेत तथ्य आहे, हेही नोंदवले पाहिजे. आज आपण जे पाहतो ते मध्ययुगातून जसेच्या तसे आपल्यापर्यंत आलेले नाही. १५३६ मध्ये बर्न या स्विस नगरराज्याच्या सैन्याने किल्ला घेतला आणि १७९८ पर्यंत तो त्यांच्याकडे होता. या काळात त्याचा उपयोग कोठार, शस्त्रागार आणि तुरुंग असा होत राहिला. त्यांचा कारभारीसुद्धा १७३३ मध्ये किल्ल्यातला मुक्काम हलवून जवळच्या व्हेवे गावी गेला, यावरून तिथे राहणे किती सुखाचे असेल ते समजावे. पुढे १८०३ मध्ये व्हो हे स्विस राज्य स्थापन झाले आणि किल्ला त्याच्या मालकीचा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्बेर नाएफ या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली जीर्णोद्धाराचे मोठे काम सुरू झाले आणि ते पुढे कित्येक वर्षे चालले. त्यामुळे अमुक छत किंवा तमुक भिंत कोणत्या काळातली, हा प्रश्न प्रत्येक दालनात विचारावा लागतो. हा प्रश्न ज्यांना विचारावासा वाटत नाही, त्यांना आतला भाग कंटाळवाणा वाटण्याची शक्यता आहे.

गडभटक्या

@तळटीप, जीर्णोद्धार झाला म्हणून वास्तू खोटी ठरत नाही. नाएफने आधी खोदकाम केले, भिंती तपासल्या, जुने कागद वाचले आणि मग दुरुस्ती केली. त्या काळात युरोपात अनेक ठिकाणी कल्पनेने मनोरे उभारले जात होते. त्या तुलनेत हे काम अतिशय संयमाचे आहे. शिवाय काउंटच्या, म्हणजे सॅव्हॉयच्या सरदाराच्या शयनगृहात मध्ययुगीन भित्तिचित्रांचे अवशेष आहेत आणि सेंट जॉर्जच्या प्रार्थनागृहात चौदाव्या शतकातली चित्रे आहेत. रंग पुसट झाले आहेत, काही ठिकाणी केवळ बाह्यरेषा उरल्या आहेत, पण ती कोणी नंतर रंगवून चकचकीत केलेली नाहीत, हेच मला मोलाचे वाटते.

तळटीप

संयम मान्य आहे. मी फक्त एवढेच म्हणालो की प्रश्न विचारत पाहावे.

खिडकीपाशी

बांधकामात रस असलेल्या बाबांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. तेराव्या शतकात सॅव्हॉयच्या दुसऱ्या पीटरने या किल्ल्याचा मोठा विस्तार केला. हा पीटर इंग्लंडच्या राणीचा, म्हणजे तिसऱ्या हेन्रीच्या पत्नीचा मामा होता आणि त्याचा इंग्लंडच्या दरबारात बराच दबदबा होता. लंडनमध्ये ज्या भागाला आजही सॅव्हॉय म्हणतात, ती जागा हेन्रीने त्याला १२४६ मध्ये दिली होती. पुढे पहिल्या एडवर्डने वेल्समध्ये किल्ल्यांची साखळी उभारली, तेव्हा त्याने त्या कामावर सॅव्हॉयच्या प्रदेशात तयार झालेला जेम्स ऑफ सेंट जॉर्ज हा गवंडी-स्थपती नेमला. कॉनवी, हार्लेख, बोमारिस हे किल्ले त्याच्या देखरेखीखाली झाले. मी हार्लेख आधी पाहिला होता आणि शियाँ नंतर. दोन्हीकडच्या खिडक्यांची घडण पाहताना ओळखीचे कोणी भेटल्यासारखे झाले. वेल्सला गेलेले कोणी असतील तर त्यांनी ही तुलना मुद्दाम करून पाहावी. आतल्या इमारती धरल्या तर पंचवीसच्या आसपास आहेत आणि त्या एकदम बांधलेल्या नाहीत, हळूहळू एकमेकींना जोडत गेलेल्या आहेत. बाबांना जोड शोधायला सांगा, दोन तास कमी पडतील.

पाणकोंबडा

आणि शौचकूप विसरू नका. लाकडी बैठक, खाली सरळ सरोवर. उमरावांच्या घरीही शेवटी सगळे पाण्यातच जात होते, हे पाहून लोकशाहीवरचा विश्वास वाढतो.

उंबरठा

@पाणकोंबडा, ज्या सरोवराकाठी सरोवरकाठ राहतात त्याच सरोवरात, हे त्यांनी लक्षात घ्यावे. सात-आठशे वर्षांत पाणी बदलले असेल, अशी आशा करू या.

अक्षरवेल

अजून कोणी इंग्लिश कवी बायरनचे नाव काढले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण जगभरातून लोक तिथे येऊ लागले ते त्याच्यामुळे. जून १८१६ मध्ये बायरन आणि त्याचा कविमित्र शेली होडीने सरोवराला फेरी मारायला निघाले होते. आदल्या वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता आणि त्या उद्रेकामुळे १८१६ चा उन्हाळा युरोपात थंड आणि पावसाळी गेला. शियाँ पाहून झाल्यावर दोघे खराब हवेमुळे लोझानच्या उशी बंदरावर अडकून पडले आणि तिथेच बायरनने शियाँच्या कैद्यावरची ती प्रसिद्ध कविता लिहिली. सरोवरकाठ लोझानलाच राहत असल्याने त्यांना या गोष्टीची दोन्ही टोके एकाच दिवसात जोडता येतील.

मात्र खरा कैदी कवितेतल्या कैद्यापेक्षा वेगळा होता. फ्रान्स्वा बोनिव्हार हा जिनिव्हाच्या सेंट व्हिक्टर मठाचा प्रमुख होता आणि सॅव्हॉयच्या ड्यूकविरुद्ध जिनिव्हाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने उभा राहिला होता. १५३० मध्ये त्याला पकडून शियाँला आणले. सुरुवातीची दोन वर्षे त्याला बऱ्यापैकी वागवले गेले, पण नंतरची चार वर्षे तो तळघरात साखळदंडाने खांबाला बांधलेला होता. १५३६ मध्ये बर्नच्या सैन्याने किल्ला घेतला तेव्हा तो सुटला. कविता लिहिताना आपल्याला बोनिव्हारचा इतिहास पुरेसा माहीत नव्हता, असे बायरनने स्वतःच तिच्या टिपणात कबूल केले आहे. कवितेतला कैदी भावांचे मरण पाहून इतका खचतो की सुटकेचाही त्याला आनंद होत नाही. खरा बोनिव्हार बाहेर पडल्यावर जिनिव्हाला परतला, शहराचा इतिहास लिहिला आणि १५७० पर्यंत जगला.

पाणकोंबडा

आणि त्याने चार लग्ने केली, तेही सांगा. चार वर्षे साखळदंडात आणि मग चार लग्ने. माणसाला बंधनाची सवय लागते.

अक्षरवेल

@पाणकोंबडा, हा विनोद येणार हे माहीत होते, म्हणूनच मी ती माहिती गाळली होती.

निवांत_पाहुणी

तळघराबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण आत जावे की नाही या मूळ प्रश्नाचे माझे उत्तर तेच आहे. अंधारकोठडी म्हटल्यावर आपण ओल धरलेली ठेंगणी खोली डोळ्यांसमोर आणतो. इथे मात्र खांबांची एक रांग आहे आणि तिच्यावर कमानींचे उंच छत उभे आहे. कोणी सांगितले नाही तर ते चर्च वाटावे. एका बाजूची भिंत म्हणजे बेटाचा मूळ खडक आहे, तो न तासता तसाच ठेवून त्यावर कमानी टेकवलेल्या आहेत. सरोवराच्या बाजूला अगदी अरुंद झरोके आहेत आणि दुपार कलली की पाण्यावरून परावर्तित झालेला उजेड छतावर हलत राहतो. त्या जागेत एखाद्याला चार वर्षे बांधून ठेवले होते, हे तिथे उभे असताना पटत नाही, आणि पटले की बाहेर यावेसे वाटते. बोटीतून हे काहीही दिसत नाही.

तिसऱ्या खांबावर बायरनचे नाव कोरलेले आहे आणि त्याच्यावर संरक्षक काच बसवली आहे.

कोकणवारा

म्हणजे आमच्या गडांवर बदामात नावे कोरणाऱ्यांची चूक एवढीच, की त्यांनी आधी कविता लिहून नाव कमावले नाही. काच बसली असती.

तळटीप

@कोकणवारा, त्या खांबांवर बायरनच्या आधीची आणि नंतरची शेकडो नावे आहेत, त्यांत सामान्य प्रवासी भरपूर आहेत. बायरनचे नावही त्याच्याच हातचे आहे की नंतर कोणा चाहत्याने कोरले, याबद्दल शंका घेतली जाते. थोडक्यात, नाव कोरण्याचा रोग ना आपला आहे ना आजचा. फरक एवढाच की तिथे आता कोणी कोरताना दिसला तर त्याला कोणी कौतुकाने पाहत नाही.

तळघराचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो, जी सहलीच्या पत्रकांत ठळकपणे येत नाही. १३४८ मध्ये प्लेगची साथ या भागात पोहोचली तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याची अफवा उठली. शेजारच्या व्हिलनव्ह गावच्या आणि सरोवराच्या आसपासच्या ज्यूंना पकडून शियाँला आणले गेले, छळ करून त्यांच्याकडून कबुलीजबाब घेतले गेले आणि अनेकांना जाळून मारण्यात आले. शियाँच्या किल्लेदाराने त्या जबाबांची नक्कल स्ट्रासबुर्गला पाठवली. छळातून निघालेल्या त्या कागदाचा पुरावा म्हणून उपयोग झाला आणि फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबुर्गच्या ज्यू वस्तीची भीषण हत्या झाली. बोनिव्हार एकटा होता, शिकलेला होता आणि त्याला पुढे कवी मिळाला, म्हणून तळघर त्याच्या नावाने ओळखले जाते. ज्यांना कोणी कवी मिळाला नाही त्यांची आठवण तिथे गेलेल्याने काढावी, एवढेच म्हणणे आहे.

उंबरठा

@तळटीप, ही माहिती महत्त्वाची आहे यात शंका नाही. पण सुट्टीवर आलेल्या सत्तरीच्या आईबाबांना हे तिथेच सांगावे का, याबद्दल मला प्रश्न पडतो. प्रत्येक सहल शोकसभा व्हावी, असे वाटत नाही.

तळटीप

सत्तरीच्या माणसांनी आयुष्य पाहिलेले असते. आपल्यापेक्षा त्यांना हे पेलणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे. तरी निर्णय सरोवरकाठ यांचाच.

रूळावरून

आता जरा व्यवहाराकडे वळू या, कारण मूळ प्रश्न एका दिवसाचा आहे. लोझानहून किल्ल्याजवळच्या माँत्रो गावापर्यंत आगगाडीने साधारण वीस मिनिटे लागतात आणि जिनिव्हाहून तासाभराच्या आसपास. माँत्रोहून तीन मार्ग आहेत. लोकल गाडी पकडून व्हेतो-शियाँ स्थानकावर उतरले की किल्ला काही मिनिटांवर आहे, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. व्हेवे ते व्हिलनव्ह धावणारी २०१ क्रमांकाची बस किल्ल्याजवळच थांबते आणि तिची वारंवारिता चांगली आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना मी हीच सुचवेन. तिसरा मार्ग पायी जाण्याचा आहे. सरोवराकाठचा फुलांनी सजवलेला रस्ता सुमारे तीन किलोमीटरचा आणि जवळजवळ सपाट आहे, वाटेत बसायला बाक भरपूर आहेत.

पाहुण्यांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर त्यात गाडी, बस, बोट आणि किल्ल्याचा प्रवेश हे सगळे येते. आपण तिथले रहिवासी असल्यामुळे आपल्याला तो पास मिळणार नाही, पण आईबाबांना मिळेल, आणि त्यांच्या मुक्कामात आणखी दोन-तीन लांबच्या सहली असतील तर तो परवडतो. केवळ या एका दिवसासाठी घेण्यात अर्थ नाही. किल्ला २५ डिसेंबर आणि १ जानेवारी सोडून वर्षभर उघडा असतो. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या तासभर आधी होतो.

खिडकीपाशी

पायऱ्यांबद्दल कोणी स्पष्ट लिहिले नाही म्हणून लिहिते. चौकांत ओबडधोबड गोटे बसवलेले आहेत आणि ओल असेल तर पाय घसरतो. वरच्या दालनांमध्ये जायला दगडी पायऱ्या आहेत, काही ठिकाणी झिजलेल्या आणि अरुंद. मधल्या मनोऱ्यावर चढणारा जिना तर बराच खडा आहे. माझ्या सासूबाईंनी चौक, तळघर आणि पहिले मोठे दालन एवढेच पाहिले आणि उरलेला वेळ त्या बाहेर झाडाखाली बसल्या. त्यांना काही गमावल्यासारखे वाटले नाही. किल्ल्यातून फिरण्याचा मार्ग क्रमांक लावून आखलेला आहे, त्यामुळे दोघे वेगळे झाले तरी चुकामूक होत नाही. आईंना मनोऱ्याचा आग्रह करू नका, बाबांना एकटे वर पाठवा.

कोकणवारा

पाण्यातला किल्ला म्हटल्यावर आमच्यासारख्यांना जंजिरा आणि सिंधुदुर्ग आठवणारच. प्रामाणिकपणे सांगायचे तर मला शियाँ लहान वाटला. सिंधुदुर्गाच्या तटाला भरतीच्या लाटांशी झुंजायचे होते आणि समुद्रावरून येणाऱ्या आरमाराला तोंड द्यायचे होते. इथे सरोवर शांत, किनारा हाताच्या अंतरावर. तिकिटाच्या खिडकीपाशी रांगेत उभा असताना, एवढ्यासाठी एवढा गाजावाजा, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. आणि सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले; शियाँ त्या यादीत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

गडभटक्या

@कोकणवारा, तुलना करायचीच तर कामाची करावी. सिंधुदुर्ग हे आरमाराचे ठाणे होते. शियाँ हे रस्त्यावरचे ठाणे होते. पाणी त्याच्या पाठीशी होते, शत्रू रस्त्याने यायचा. म्हणून त्याला सिंधुदुर्गाएवढा तट लागलाच नाही. यादीत नसल्याने तो कमी ठरत नाही. त्याच देशातले बेलिन्झोनाचे तीन किल्ले २००० पासून त्या यादीत आहेत आणि तेही वाट अडवण्यासाठीच बांधलेले आहेत.

जाता जाता आणखी एक. किल्ल्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या पोटात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्विस सैन्याने खोदलेला भूमिगत किल्ला आहे. अनेक वर्षे तो गुप्त होता आणि २०२० च्या अखेरीस संग्रहालय म्हणून खुला झाला. मध्ययुगात सॅव्हॉयवाल्यांना जी चिंचोळी पट्टी महत्त्वाची वाटली, तीच विसाव्या शतकातल्या सेनापतींनाही वाटली. बाबांना वेळ आणि उत्साह असेल तर हे दोन्ही एकापाठोपाठ पाहावेत. वर नजर टाकली तर महामार्गाचा दोन किलोमीटरहून लांब पूल दिसतो, तो १९६६ ते १९६९ या काळात बांधला. किल्ल्याच्या छायाचित्रांतून लोक तो हटकून कापतात. मला तो कापावासा वाटत नाही. रस्ता, रूळ, महामार्ग आणि बोट, सगळे अजूनही त्याच पट्टीत दाटीवाटीने चालले आहे, आणि बांधकाम खात्यात काम केलेल्या माणसाला तो पूल किल्ल्याइतकाच आवडेल, अशी माझी पैज आहे.

अक्षरवेल

व्हिलनव्हचे नाव वर दुःखद संदर्भात आले, म्हणून त्याच गावाचा दुसरा संदर्भ देते. किल्ल्यापासून सरोवराच्या काठाने पुढे चालत गेले की हे गाव लागते. फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ तिथे बरीच वर्षे राहत होते. लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतताना महात्मा गांधी डिसेंबर १९३१ मध्ये काही दिवस त्यांच्या शेजारच्या घरात उतरले होते. त्याआधी १९२६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूरही रोलाँना भेटायला तिथे येऊन गेले होते. हा रस्ता सपाट आहे. कैद्याच्या तळघरातून बाहेर पडून त्या दिशेने चालताना, आयुष्यातला मोठा काळ तुरुंगात काढलेला एक माणूस याच काठाने फिरला असेल, हा विचार मनात येतो आणि बायरनपेक्षा तो मला जवळचा वाटतो.

निवांत_पाहुणी

@अक्षरवेल, हे ठाऊक नव्हते. आता पुन्हा जाणे आले.

सरोवरकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढी उत्तरे येतील असे वाटले नव्हते. बाबांना फोनवर हा धागा वाचून दाखवला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, खडकावर टेकवलेल्या कमानींचा भार बाजूच्या भिंतीवर कसा उतरवला आहे, हा. आईने विचारले की बोटीत चहा मिळतो का. त्यामुळे आत जायचे हे ठरल्यातच जमा आहे. तळटीप यांची १३४८ ची हकिकतही वाचून दाखवली. बाबा थोडा वेळ गप्प होते आणि मग म्हणाले की तिथे गेल्यावर पुन्हा सांग.

तरीही एक म्हणणे मी सोडलेले नाही. वरच्या दालनांतले फर्निचर आणि चिलखते यांसाठी वेगळा वेळ देण्याची गरज कोणीच पटवून दिलेली नाही; सगळ्यांनी तळघर, भित्तिचित्रे, खिडक्या आणि शौचकूप यांचीच बाजू मांडली. तेव्हा आत दीड तास, असा हिशेब धरतो. प्रश्न उरतो तो क्रमाचा : सकाळी किल्ला आणि दुपारी बोट, की उलट? आणि व्हेवेला उतरून चार्ली चॅप्लिनचे घर पाहणे त्याच दिवसात बसेल का?

उंबरठा

चॅप्लिनचे घर त्याच दिवशी बसवू नका. त्याला स्वतंत्र अर्धा दिवस लागतो. माँत्रोच्या काठावरचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा पुतळा मात्र वाटेतच आहे. आईबाबांना तो कोण हे समजावण्यात जितका वेळ जाईल तितकाच.

निवांत_पाहुणी

क्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. किल्ला पूर्व किनाऱ्यावर आहे आणि त्याच्या पाठीशी डोंगर आहे, त्यामुळे सकाळी बराच वेळ तो सावलीत असतो. सरोवराकडची बाजू दुपारनंतर उजळते. म्हणून सकाळी निवांत निघून माँत्रोला जावे, तिथून बसने किल्ल्यापाशी, जेवण उरकून दुपारी आत आणि मग धक्क्यावरून बोटीने परत. बोट सुटल्यावर मागे वळून पाहिले की उजेड नेमका भिंतींवर असतो. दीड तासाच्या हिशेबाला माझी हरकत नाही, पण त्यातला अर्धा तास तळघराला द्यावा.

खिडकीपाशी

फर्निचरच्या बाबतीत सरोवरकाठ यांचे बरोबर आहे. मात्र मोठ्या दालनांतल्या खिडक्यांच्या कोनाड्यांत दोन्ही बाजूंना दगडी बैठका आहेत, तिथे आईंना बसवता येईल. सरोवर तिथून जसे दिसते तसे बोटीतूनही दिसत नाही, कारण बोटीत आपण पाण्यावर असतो आणि तिथे पाणी थेट आपल्या पायाखाली असते.

पाणकोंबडा

किल्ल्याच्या तळघरात पिंपांतून त्यांची स्वतःची वाइनही मुरत ठेवलेली असते आणि ती दुकानात विकतात. ज्या तळघरात बोनिव्हारला पाणीसुद्धा मोजून मिळत असेल, तिथल्या वाइनची किंमत पाहून मीही खांबाला टेकून बसलो होतो.

रूळावरून

बोटीबद्दल शेवटची सूचना. शियाँच्या धक्क्याहून लोझानच्या उशी बंदरापर्यंत बोटीला दीड तासाच्या आसपास लागतो आणि काही फेऱ्यांना जुन्या, चाकांच्या वाफेच्या बोटी असतात. वेळापत्रकात त्या वेगळ्या चिन्हाने दाखवलेल्या असतात, शक्य असेल तर तीच फेरी निवडा. उन्हाळ्यानंतर वेळापत्रक बदलते आणि फेऱ्या कमी होतात, म्हणून आपल्या तारखेची परतीची शेवटची बोट आदल्या दिवशी पाहून ठेवा. ती चुकली तर २०१ ची बस आहेच, पण मग आईंचा चहा माँत्रोच्या स्थानकावर होईल. बोटीत तो मिळतो.